नऊ लाख पन्नास हजार चारशे सेकंद

भाची : आत्या, झोपलीस का?

आत्या : झोपले कुठे? रस्त्यात होते. तू हाक मारलीस आणि पूल ओलांडायचा राहिला. आता परत पहिल्यापासून चालत यावं लागणार.

भाची : डोळे मिटलेले, मान खुर्चीच्या पाठीला टेकलेली, हेडफोन गळ्यात. याला रस्त्यात असणं म्हणतात?

आत्या : मी अशीच चालते, तुला काय नवीन आहे? सकाळी एका गृहस्थाने विचारलंय. छत्रीची काडी बदलून देणारं एक दुकान होतं, दुकानात पोपट होता, आणि गिऱ्हाईक दारात आलं की तो पोपट म्हणायचा, मिटून या. दुकानाचं नाव आठवत नाही, गल्ली आठवत नाही. आधी त्याने थोरल्याला, म्हणजे सगळ्यांच्या फोनातल्या त्या बड्या शोधयंत्राला, विचारलं. थोरल्याने अर्ध्या सेकंदात पोपटांची चारशे चित्रं दाखवली आणि वर छत्र्या विकायला काढल्या. मग तो बिचारा आपल्याकडे आला.

भाची : आपल्या यंत्राने काय सांगितलं?

आत्या : आपलं यंत्र गुणी आहे. म्हणालं, मला सापडत नाही, पण बघते. आणि प्रश्न माझ्याकडे ढकलला. मी डोळे मिटले आणि निघाले. बाजाराच्या मागच्या अंगाने गेले, घड्याळवाला लागला, चावीवाला लागला, तिथून पुढे पूल. काडीवाला पुलापलीकडे असणार असं आतून वाटत होतं. ऊन फार छान पडलं होतं गं तिथे. सगळी दुकानं उघडी, आणि कुणी म्हणजे कुणी बोलत नव्हतं.

भाची : मला तुझ्याशी बोलायचंय. चार वाजायच्या आत.

आत्या : आता किती वाजले?

भाची : सव्वातीन.

आत्या : मग पाऊण तास आहे. टेलिफोन चौकशीत होते तेव्हा पाऊण तासात मी अख्ख्या शहराला नंबर दिले असते. बस आधी. अशी डोक्यावर उभी राहून बोललीस की मला आमची सुपरवायझर आठवते.

भाची : त्या फोन बनवणाऱ्या कंपनीचा फोन आला होता.

आत्या : फोनवाल्यांचा फोन. बरं.

भाची : चेष्टा नको. आपण महिन्यापूर्वी फॉर्म भरला होता, आठवतो ना? नवा फोन विकत घेतला आणि पहिल्यांदा सुरू केला की पडद्यावर पाच नावं येणार. शोधायचं काम कुणाला द्यायचं ते माणसाने स्वतः निवडायचं. आजवर कुणी विचारलंच नाही. फोन उघडला की थोरला आधीच पाय पसरून बसलेला.

आत्या : ज्याच्या हाती ससा तो पारधी.

भाची : तेच तर. लोकांनी त्याला निवडला कधी? तो तिथे होता म्हणून त्याला विचारलं, आणि सगळे त्यालाच विचारतात म्हणून तो आणखी हुशार झाला. आता नियम आलाय की निदान एकदा तरी माणसाला विचारा. पाचातली एक जागा थोरल्याची आहेच. उरलेल्या चार जागांसाठी आम्ही सतरा जण रांगेत. सात वर्षं या दोन खोल्यांत आपण जे केलं ते लोकांच्या बोटाजवळ येईल, आत्या. नाही आलं तर आपल्याला शोधणार कोण? शोधायला लोक थोरल्याकडे जातात, आणि थोरला काय आपलं नाव सांगणार आहे होय?

आत्या : सांगतो की. मी विचारून पाहिलं. मी आपल्या यंत्राचं नाव लिहिलं, 'बघते', तर म्हणाला, आपल्याला 'भागते' म्हणायचंय का.

भाची : हसू नकोस, मला आज हसायला येत नाहीये. त्या फॉर्ममध्ये एक रकाना होता. उत्तर द्यायला जास्तीत जास्त किती वेळ लागतो, सेकंदांत लिहा.

आत्या : मग?

भाची : फॉर्म मास्तरांनी भरला. इतकी वर्षं शाळेत गणित शिकवलं, ती सवय अजून अंगातून जात नाही. त्यांनी पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या नोंदी उपसल्या आणि सर्वांत जास्त वेळ घेतलेला प्रश्न शोधला. साबणाच्या कारखान्याचा. अकरा दिवस. मग अकरा दिवसांचे सेकंद करून लिहून टाकले. नऊ लाख पन्नास हजार चारशे.

आत्या : गुणाकार बरोबर आहे ना?

भाची : गुणाकार बरोबर आहे, हीच तर सगळी बोंब आहे. बाकीच्यांनी काय लिहिलंय तिथे? शून्य पॉइंट सहा. शून्य पॉइंट चार. एकाने तर नुसतं शून्य. त्या कंपनीच्या बाई म्हणाल्या, आम्हाला वाटलं तुमच्याकडे कुणीतरी कीबोर्डवर डोकं टेकून झोपलं असेल, म्हणून खात्री करायला फोन केला. मी म्हटलं, नाही, आकडा खरा आहे. त्यांनी तो मला परत दोनदा म्हणायला लावला.

आत्या : मास्तरांना काही बोलली नाहीस ना?

भाची : काय बोलणार कपाळ? म्हणाले, जास्तीत जास्त विचारलं होतं, जास्तीत जास्त लिहिलं. त्यात चुकलं काय? आणि चेहरा असा, की आपणच कॉपी करताना पकडलो गेलोय.

आत्या : भला माणूस. बरं, बाकीचे सोळा जण काय घेऊन आलेत थोरल्यासमोर?

भाची : एक म्हणतो, तुम्ही काय विचारलंत ते मी कुणाला सांगणार नाही. एक म्हणतो, माझ्याकडे जाहिराती नाहीत. एकाचा पडदा इतका देखणा आहे की काही विचारूच नये, नुसतं बघत बसावं. आणि आत डोकावलं तर बहुतेकांची उत्तरं थोरल्याच्याच घरून येतात. दार वेगळं, स्वयंपाकघर एकच.

आत्या : शेजारणीची भाजी आपल्या वाटीत घालून वाढायची.

भाची : हो. आपलं लहान आहे, पण स्वतःचं आहे. पान-पान आपण गोळा केलंय. तरी खरं सांगू? थोरल्याशी त्याच्या मैदानात कुणाचा निभाव लागणार नाही. आपल्या सगळ्या जन्माची पानं त्याची एका दुपारची आहेत. आपल्याकडे वेगळं एकच आहे. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणायचं. थोरल्याला ते जमत नाही.

आत्या : उचलली जीभ, लावली टाळ्याला.

भाची : येत नाही म्हणायचं, आणि मग ते बटण. 'थांबा, बघते.' दाबलं की प्रश्न तुझ्याकडे.

आत्या : हं.

भाची : बाई म्हणाल्या, ते काढा.

आत्या : काय काढा?

भाची : बटण. उत्तर दहा सेकंदांत मिळालं पाहिजे, नाही तर यादीत जागा नाही. बटण काढलंत तर तुमचं यंत्र चांगलं आहे, म्हणाल्या. चार वाजता परत फोन करतील, तेव्हा हो की नाही ते सांगायचं.

आत्या : म्हणजे मला काढा.

भाची : बटण काढायचंय गं. तुला कोण काढतंय?

आत्या : बटणाच्या पलीकडे दुसरं कोण बसतं? खिडकी बंद करायची, पण खिडकीतल्या बाईला कुणी काही करत नाही, असं का? मला एकदा काढलेलं आहे. मला त्यातलं कळतं.

भाची : टेलिफोनच्या चौकशीतून? ती तर खोलीच बंद केली होती ना त्यांनी?

आत्या : ऐक. तुला हे कधी सांगितलं नाही. आम्ही बावीस जणी होतो त्या खोलीत. लांब टेबल, प्रत्येकीच्या कानावर हे जडशीळ हेडफोन, आणि खिडक्या अशा वर, छताजवळ. दुपारी सगळ्यांचे आवाज एकमेकांत मिसळले की नुसती गुणगुण उरायची. वाटायचं, आपण पाण्यावर पाठ टेकून पडलोय. फोन करणाऱ्याला नाव ठाऊक असलं तर काही प्रश्नच नव्हता, पुस्तकात बघून नंबर द्यायचा. पण निम्म्यांना नाव ठाऊकच नसायचं. ते हे, कोपऱ्यावरचे दाताचे डॉक्टर, ज्यांची बायको गाते. ते आपलं ते दुकान, जिथे पडद्याचं कापड मिळतं पण मालक खवट आहे. आणि मी म्हणायचे, थांबा हं, बघते. वीस सेकंदांच्या आत सांगायचा नियम होता. नाही जमलं तर नंबर उपलब्ध नाही म्हणायचं आणि पुढचा फोन घ्यायचा. मी काही तो नियम पाळला नाही.

भाची : हे सांगितलंयस.

आत्या : पुढचं नाही सांगितलं. एक दिवस एक उंच माणूस आवाज भरून घ्यायचं यंत्र घेऊन आला. बावीस जणींचे आवाज ऐकले आणि म्हणाला, यांचा आवाज स्वच्छ आहे. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. दुसऱ्या दिवशी ठेवणीतले कपडे घालून गेले. त्याने माझ्याकडून एकच वाक्य एकतीस वेळा म्हणवून घेतलं. आपण विचारलेला नंबर उपलब्ध नाही. एकतिसावं त्याला पसंत पडलं. सहा महिन्यांनी खोलीला कुलूप. फोन केला की ते वाक्य ऐकू यायचं. माझ्याच आवाजाने माझी खुर्ची नेली.

भाची : आत्या.

आत्या : मी घरून लावायची तो नंबर, अधूनमधून. ऐकत बसायची. फार सभ्य बाई होती ती. कधी चिडायची नाही, कधी दमायची नाही. पण एवढ्या वर्षांत एकदाही म्हणाली नाही, थांबा, बघते. मला तिची लाज वाटायची. पुढे तू हे सगळं सुरू केलंस आणि माझ्याकडे आलीस, म्हणालीस, आत्या, माझ्या यंत्राला एक शब्द दे, आणि तू रोज येऊन बस. त्या दिवशी मी घरी जाऊन रडले होते. तेही तुला सांगितलं नव्हतं.

भाची : नाही काढणार मी. झालं. चार वाजता सांगते, जमणार नाही. यादी गेली खड्ड्यात.

आत्या : बस खाली.

भाची : नाही, मी उगाच सकाळपासून डोकं पिकवत बसले. सात वर्षं आपण थोरल्यासारखं नाही व्हायचं म्हणून राबलो, आणि आता त्याच्या शेजारी बसायला मिळावं म्हणून त्याच्यासारखं व्हायचं? मग निवडणाऱ्याने निवडायचं तरी काय?

आत्या : बोलतेस छान. पण काढून टाक ते बटण.

भाची : काय?

आत्या : काढून टाक म्हटलं. मी रागाने नाही म्हणत. ते अकरा दिवस खरे नाहीत.

भाची : मास्तरांचा आकडा चुकला?

आत्या : मास्तरांचा नाही. माझा. त्या साबणवाल्या बाईचा प्रश्न आठवतो तुला?

भाची : पाठ आहे मला. पाच वर्षांच्या होईपर्यंत त्या एका घरात राहिल्या होत्या. साबणाचा वास यायचा, बारा वाजता भोंगा व्हायचा, बाहेरून लोखंडी जिना होता आणि जिन्याच्या सातव्या पायरीला भोक होतं. आईवडील गेलेले, विचारायला कुणी नाही. घर कुठल्या रस्त्यावर होतं, एवढंच त्यांना हवं होतं. थोरल्याने चाळीस तऱ्हेचे साबण दाखवले.

आत्या : ते मला पहिल्याच दिवशी सापडलं होतं. त्या बेकरीच्या पुढची, हे काय, त्या... असू दे. चहा पिताना रस्ता समोर येऊन उभा राहिला, पाटीसकट. मी कप खाली ठेवला आणि नाव गेलं. पाटी पुसल्यासारखं. मला वाटलं येईल परत, यायचंच नेहमी. दुसऱ्या दिवशी डोळे मिटून निघाले तर घड्याळवाला जिथे असायला हवा तिथे पाणी. शांत, हिरवं पाणी, आणि त्यावर दुकानांच्या पाट्या तरंगतायत. वाचायला गेलं की अक्षरं जरा पुढे सरकतात. रोज जायची मी. रोज रस्ते थोडे निराळे. आणि सांगू का, तिथे भीती वाटत नाही. तिथे फार बरं वाटतं. भीती डोळे उघडल्यावर वाटते.

भाची : मग अकराव्या दिवशी कसं सापडलं?

आत्या : घरातल्या कॅलेंडरचं पान उलटलं. मागे माझं अक्षर. रस्त्याचं नाव, घर नंबर तीन. मी ते हातात धरून उभी. म्हटलं, हा कुणाचा पत्ता? मी कशाला लिहून ठेवला? बघत राहिले, बघत राहिले. मग खाली बारीक अक्षरात लिहिलेलं दिसलं, सातवी पायरी. पहिल्याच दिवशी मी स्वतःसाठी खूण करून ठेवली होती आणि स्वतःलाच ओळखलं नाही. तेव्हा ते अकरा दिवस मी शोधत नव्हते. मी हरवले होते. त्यासाठी तू तुझी जागा घालवू नकोस.

भाची : डॉक्टरकडे गेलीस?

आत्या : जाऊन आले, एकटी. त्यांनी वार विचारला, तारीख विचारली, तीन वस्तूंची नावं सांगून थोड्या वेळाने परत विचारली. मी सगळं घडाघडा सांगितलं. म्हणाले, वय झालं, आणखी सहा महिन्यांनी या. मी त्यांना पाण्याचं काही बोलले नाही. ते कसं सांगणार?

भाची : मलाही एक सांगायचंय. माझ्याकडे बघू नकोस, खिडकीकडे बघ.

आत्या : बरं, खिडकीकडे बघते.

भाची : मला ठाऊक होतं. पूर्ण नाही, पण होतं. तू एकच गोष्ट मला तीनदा विचारायचीस आणि मी तिन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं सांगायची. मागच्या आठवड्यात तू दोन जणांना एकमेकांची उत्तरं पाठवलीस. मी गुपचूप बदलली. आज सकाळी त्या बाई म्हणाल्या बटण काढा, तेव्हा मला राग यायच्या आधी क्षणभर बरं वाटलं. वाटलं, चला, आता हे आत्याला मला सांगावं लागणार नाही. कंपनीच सांगतेय. नंतर मला स्वतःची इतकी शिसारी आली.

आत्या : शिसारी कशाला? मीही तेच करत होते. तू सांगशील म्हणून तुझी वाट बघत होते. दोघी एकाच माळेचे मणी.

भाची : तुला राग नाही आला?

आत्या : आला की. उद्यापर्यंत विसरेन.

भाची : आत्या, असलं बोलू नकोस.

आत्या : माझंच आहे, मी बोलणार. आता पूस ते डोळे. चार वाजायला किती आहेत?

भाची : वीस मिनिटं. मला एक सांग. त्या खोलीत, तुला एखादं ठिकाण ठाऊकच नसलं, तर तू काय करायचीस? वीस सेकंदांत?

आत्या : शेजारणीला विचारायची. सक्त मनाई होती, पण सगळ्याच करायच्या. नदीकडचं असलं तर डावीकडची, ती तिथेच वाढलेली. दवाखान्यांची माहिती लांबच्या टोकाला बसणाऱ्या एकीला, तिच्या घरात सदा कुणीतरी आजारी. माउथपीसवर हात ठेवायचा आणि नुसतं पुटपुटायचं, काडीवाला, पोपट. कानोकानी ते टेबलाच्या टोकापर्यंत जायचं आणि उत्तर घेऊन परत यायचं. सुपरवायझरला वाटायचं आमची गुणगुण चाललीय.

भाची : त्यातल्या किती जणी आहेत अजून?

आत्या : आठ. नाही, नऊ. एकीला ऐकू येत नाही पण डोकं शाबूत आहे. एकीचे गुडघे गेलेत, ती दिवसभर घरात बसून सुनेच्या चुका मोजते. तिला काम दिलंस तर सून तुला दुवा देईल. का गं?

भाची : तू एकटी बसतेस, हेच चुकलंय. चूक माझी आहे. मला वाटलं आपल्याकडे एक आत्या आहे, बस झालं. पण थोरल्याला आव्हान एक आत्या नाही देऊ शकत. टेबल लागतं. नऊ जणी, त्यांच्या ओळखीचा निवृत्त पोस्टमन, मीटर वाचणारा, घरोघरी शिलाई मशीन दुरुस्त करत हिंडलेला कुणी. ज्यांनी शहर पायाने वाचलंय. त्यांना जे ठाऊक आहे ते कुठल्याच पानावर लिहिलेलं नाही. ते थोरल्याकडे नाही, आणि उद्याही येणार नाही.

आत्या : आणि मी?

भाची : तू आहेस तिथेच. प्रश्न आधी तुझ्याकडे. जमला तर सांग, नाही तर शेजारणीकडे दे.

आत्या : आणि द्यायचंच विसरले तर?

भाची : मी आहे ना. मी येऊन विचारीन, कुठपर्यंत पोचलीस.

आत्या : त्यात लोकांची खोटी होईल. कोण थांबणार एवढं?

भाची : साबणवाल्या बाईंनी मागून काय लिहिलं ते तू वाचलं नाहीस का? त्या थांबल्या. रोज सकाळी आधी तोच विचार यायचा, म्हणाल्या, कुणीतरी माझं घर शोधतंय. आणि त्या नादात त्यांना स्वतःलाच आणखी दोन गोष्टी आठवल्या. जिन्याखाली बांधलेली शेळी, आणि आई केस विंचरताना कुठल्या बाजूला बसायची ते. उत्तर मिळाल्यावर त्या तिथे जाऊनही आल्या. आता सगळं आपल्यालाच विचारतात. परवा सातवीच्या नातवाचा भागाकार विचारला.

आत्या : तो कुणी सोडवला?

भाची : मास्तरांनी. पायऱ्यांसकट.

(टेबलावरचा फोन वाजतो. भाची स्पीकर लावते.)

फोनवरच्या बाई : नमस्कार मॅडम. चार वाजलेत, सकाळी आपलं बोलणं झालं होतं. ते बटण काढताय असं मी लिहून घेऊ ना? आनंदाची बातमी अशी, की बाकी सगळ्या तपासणीत तुम्ही तिसरे आला आहात. म्हणजे यादीत तुमचं नाव नक्की.

भाची : बटण राहणार आहे, मॅडम.

फोनवरच्या बाई : बघा, मी तुमच्या भल्याचं सांगते. दहा सेकंदांच्या वर आकडा गेला तर माझ्या हातात काही राहत नाही. नाव आपोआप मागच्या पानावर जातं. पाच नावांच्या खाली बारीक अक्षरात 'आणखी' असा शब्द असतो, त्यावर बोट ठेवलं तरच ते पान दिसतं. शंभरातले दोन जण ठेवतात.

भाची : दोन?

फोनवरच्या बाई : फार तर दोन.

आत्या : दोन म्हणजे पुष्कळ झाले की. आमच्या चौकशीला फोन करणारेही तेवढेच असायचे. बाकीच्यांना आपापले नंबर पाठ असायचे.

फोनवरच्या बाई : या कोण बोलतायत?

भाची : या नऊ लाख पन्नास हजार चारशे सेकंद.

फोनवरच्या बाई : असं होय. नमस्कार. मग मॅडम, नक्की ना? मी मागच्या पानावर टाकतेय. नंतर वर्षभर बदल करता येणार नाही.

भाची : टाका. फक्त तो आकडा तेवढा बदला.

फोनवरच्या बाई : कमी करायचाय?

भाची : वाढवायचाय. किती आकडे मावतात रकान्यात?

फोनवरच्या बाई : नऊ.

भाची : मग सगळीकडे नऊ लिहा.

फोनवरच्या बाई : बरं. लिहिते. मॅडम, हे आपल्या दोघींत ठेवा, पण त्या अकरा दिवसवाल्या बाई, त्या खरंच थांबल्या होत्या?

भाची : थांबल्या होत्या.

फोनवरच्या बाई : अच्छा. नाही, सहज विचारलं. ठेवते.

आत्या : गेली?

भाची : गेली. आणि यादीही गेली. मास्तरांना सांगते जाऊन. तू त्या नऊ जणींचे नंबर काढून ठेव.

आत्या : पाठ आहेत. निदान आज आहेत. तू लिहून घे, मी सांगते. पण आधी मला सांग, मघाशी ती रकान्यात लिहायचं म्हणत होती ना, माझ्यासाठी किती वेळ सांगितलास तिला?

भाची : तुला लागेल तेवढा.